शेवटचा आकडा

रामबागेत विजेच्या खांबावर कागद:
'गायन शिकवले जाईल. अगदी पहिल्यापासून.
वयाची अट नाही. — कु. टिल्लू.'
खाली नंबर. शेवटचा आकडा मात्र
कोचिंग क्लासच्या जाहिरातीखाली गेलेला.

म्हणजे दहाच शक्यता.
चौतीस वर्षं बँकेत रोकड मोजली,
दहा म्हणजे काय.

शून्यावर टायरवाला: "भिया, राँग नंबर."
दोनवर एक लहान मूल, बराच वेळ नुसता श्वास.
चारवरच्या बाईंनी विचारलं, कसलं गाणं,
आणि नवऱ्याच्या दम्याबद्दल सांगत बसल्या.
पाचला मीच ठेवून दिला,
कुणी उचलायच्या आत. घसा कोरडा पडला होता.

संध्याकाळी आठ लावला.
पलीकडून हॅलो नाही. मागे कुणीतरी जुळवत होतं,
तार जरा वर, जरा खाली.
मी घाईघाईनं सांगून टाकलं: वय बासष्ट, काही येत नाही,
काउंटरवरून 'पुढचा' एवढंच ओरडलोय,
ताल म्हणाल तर नोटांचा...

आणि थांबलो.

"थांबू नका," ती म्हणाली,
"बोलत राहा.
तुमचा सा शोधतेय."

बोललो. पाणीपट्टीबद्दलसुद्धा.
सगळं संपलं तेव्हा
मोठ्यानं आकडे म्हणू लागलो.