घायपात

पाचशे एकातून वजा करत यायचं, शून्यावर थांबायचं,
आणि शेवटचा बाण डबलच्या अरुंद पट्टीतच हवा.
एवढाच खेळ.
मला घेतलं ते बाणांतलं काही कळतं म्हणून नव्हे,
तोंडी वजाबाकी येते म्हणून.
बावीस वर्षं कुडचड्याला खाणीच्या काट्यावर होतो:
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक,
राहील ती माती.
मग खाणी बंद पडल्या.
बोटांना मात्र सवय राहिली, रात्री उशीवर आकडे मांडायची.

मडगावच्या हॉटेलातला हॉल. काल इथं लग्न होतं,
कमानीत अजून शेवंती अडकलेली.
पंखे बंद, बाणांची पिसं हलू नयेत म्हणून.
रेघेपासून बोर्ड सात फूट सव्वानऊ इंच,
हे अंतर वेल्सला तेवढंच, मनिलाला तेवढंच,
गुवाहाटीहून आलेल्या रेल्वेच्या बाबूलाही तेवढंच.
ओसाकाची एक बाई फेकण्याआधी बाणाशी काहीतरी बोलते.
कोल्हापूरचा उत्तुरे हरल्यावर सगळ्यांना चहा पाजतो.

बोर्ड कशाचा असतो, हे मला मुतुआनं सांगितलं. केनियाचा.
त्याचा बाप ती पानं कापायचा, हात रक्ताळायचे.
फोनवर त्यानं झाड दाखवलं
आणि मी हसलो: अरे, हे आमच्या कुंपणाचं घायपात!
गुरं आत येऊ नयेत म्हणून लावतो आम्ही.
नावातच घाव असलेलं पान.
त्याचे धागे उभे दाबून बसवतात,
बाण उपटला की भोक आपसूक मिटतं.
मी बोटानं चाचपून पाहिलं. खरंच, काही लागत नाही.

दुपारी तीनला जिलू वेळीप आला रेघेवर.
आमचा माणूस. आधी टिप्पर चालवायचा,
दिवसाला सात खेपा, माझ्याच काट्यावरून.
आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही.
समोर एमरिस, वेल्सचा, गलेलठ्ठ, मनगट लोण्याचं.
पाच-पाच अशी बरोबरी. शेवटचा डाव.
जिलूचे बत्तीस उरले. म्हणजे डबल सोळा.

पहिला बाहेर.
दुसरा बाहेर, पण जवळ.
तिसरा तारेला टेकून बसला
आणि हॉल उठला. केप्याहून आलेली अख्खी बस ओरडली,
कोणीतरी शिट्टी मारली, टेबलावरचा पेला पडला.

मी पुढे गेलो. नाक बोर्डाला लागेल इतका.
तार चकाकत होती.
बाण तारेच्या बाहेरच्या अंगाला, केसभर.
तिथून, त्या गर्दीतून, कुणालाच दिसलं नसतं.
ही जागा मला माहीत होती.
काचेच्या केबिनमध्ये मी अशाच जागी बसायचो,
आणि मागून कोणीतरी म्हणायचं, लिही ना, कोण बघतंय.
आणि मी लिहायचो.

मागे वळलो तर जिलू बाण उपटायला निघालेलाच होता.
त्याला सुटतानाच कळलं असणार.
मी म्हणालो, शून्य.
बत्तीस बाकी.
आवाज जरा फाटला.

एमरिसनं पहिल्याच बाणात चाळीस संपवले,
आणि तोच थोडा ओशाळला.

नंतर पार्किंगमध्ये, भाजी-पावाच्या गाड्यापाशी,
जिलू माझ्याशेजारी उभा राहिला. पाव मोडला.
हरल्याबद्दल काही नाही. थोड्या वेळानं म्हणाला,
'एक विचारूं? तुजो काटो दर फावटी दहा टन दाखयतालो.
खरें कितें आशिल्लें?'

सांडलेल्या रश्शावर माशी बसली होती. ती उडेपर्यंत मी थांबलो.
'सोळा,' म्हणालो.

त्यानं मान हलवली, उरलेला पाव पुसून खाल्ला.
'म्हाका देंवतेर, ब्रेकार पांय दवरतकच कळटालें.'