ससेमिरा

दिवाळी सरली आणि लेकीनं ससेमिरा लावला,
अगदी शब्दशः.
ससा पाहिजे.
मी परभणी डेपोत कंट्रोलर. दिवसभर माईकवर सांगते,
गंगाखेड फलाट तीन, पाथरी उशिरा सुटेल,
घरी येऊन चपला काढते तोवर
संघमित्रा दारातच :
आई, आपला ससा कोणत्या फलाटाला लागणार?

शनिवार बाजारात, कोंबड्यांच्या खुराड्याला खेटून,
तारेच्या एका पेटीत सात.
दोन गुलाबी रंगवलेले, एक मोरपंखी.
रंग ओलाच असावा,
एकाच्या पाठीवर दुसऱ्याचा पंजा उमटलेला.
"तीनशेला जोडी," पोरगा म्हणाला,
"मेला तर पुढच्या शनिवारी या, बदलून देतो."
बदलून देतो. चपलेचा अंगठा तुटल्यावर
देतात तसा.
मित्रानं माझं बोट धरलं ते
रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

वसमत रोडच्या नव्या दुकानात काचेचा दरवाजा,
माशांच्या टाक्यांचा निळा उजेड,
आणि पुण्याहून आलेला एक,
कान लोंबते, डोळे पेंगुळलेले,
घरजावई बसावा तसा बसलेला.
साडेतीन हजार. पिंजरा वेगळा, खाणं वेगळं,
कंगवासुद्धा वेगळा.
मी विचारलं, आणि मे महिन्यात? चव्वेचाळीस डिग्रीत?
मालक भला माणूस, हसून म्हणाला,
मॅडम, घरी एसी असेलच ना.
आमच्याकडे कूलर आहे.
त्याची मोटर हबीबभाईंनी
एकाच उन्हाळ्यात दोनदा बांधली.

अशी आमची ससेहोलपट चाललेली,
तेव्हा जिंतूरच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं,
झिरो फाट्याच्या अलीकडं, नाही नाही, बोरीच्या अलीकडं,
मुंजाभाऊंचं शेड आहे, तिथं बघा.

पत्र्याचं लांब शेड. कुठल्याशा कंपनीनं
चाळीस पिंजरे देऊन फोटो काढले होते म्हणे,
पुढं कंपनीचा फोन लागेना
आणि सशांना कुणी सांगितलं नाही
की आता वाढायचं थांबा.
मुंजाभाऊ हातात काटा घेऊनच आले.
"पाळायला का कापायला?"
रागानं नाही, लोभानं नाही.
मी जशी विचारते, एक फुल का एक हाफ.
मित्रा काहीतरी म्हणाली.
मला पुन्हा म्हणावं लागलं : पाळायला.

त्यांनी काटा खुंटीला अडकवला.
मग त्यांचेच प्रश्न सुरू झाले.
गल्लीत कुत्री किती?
अंगणात ऊन कधी येतं?
पोतं ओलं ठेवायला पाणी असतं का, का आठ दिवसाला नळ?
आणि दुपारी घरी कोण असतं?

कुणी नाही, मी म्हटलं.
मी डेपोत. हिचे बाबा सुरतेला.
ही साडेबाराला शाळेतून येते,
किल्ली शेजारी असते.

"मग एकटा नेऊ नका," ते म्हणाले.
"गाय हंबरती, शेळी गाव गोळा करती.
ह्याला आवाजच नाही बाई.
कोपऱ्यात बसतंय गप. आपल्याला वाटतंय, गुणाचंय.
झुरतंय हे लई उशिरा कळतं."

मी सशांकडं पाहत राहिले.
लेकीकडं पाहायचं
टाळलं.

त्या दिवशी त्यांनी दिला नाहीच.
लसूणघासाची एक पेंढी दिली, पैसे घेतले नाहीत,
म्हणाले, आधी सोय करा, मग या, कुठं जात नाहीत हे,
गेले तर मी सांगतो.

आता मागच्या बाजूला, न्हाणीच्या भिंतीला लागून,
फुटक्या माठाचं बूड आडवं पुरलंय.
वर बारदान. मित्रा रोज त्यावर तांब्याभर पाणी टाकते
आणि आत हात घालून बघते
गार झालं का.
आत अजून कुणी नाही.

मी साहेबांकडं अर्ज दिलाय,
पहाटेची पाळी मिळावी,
म्हणजे एक वाजता घरी.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, कौटुंबिक.
आधी 'ससा' लिहिलं होतं,
मग खोडलं.
नीट पाहिलं तर दिसतं अजून.