टाकी चाळीचं इतिवृत्त

सभा रात्री पावणेबाराला. दुसरी पाळी सुटल्यावरच भरते आमची,
नाहीतर अंबडची निम्मी माणसं राहून जातात.
जागा : पाण्याच्या टाकीखालचा ओटा.
हजर : सदतीस. पोरं मोजली नाहीत.

लिहायचं काम माझ्याकडे,
कारण माझं अक्षर बरं आहे.
बावीस वर्षं कंपनीत खोक्यांवर पत्ते लिहिले :
पुणे, पिथमपूर, होसूर.

विषय एक. दारांवरचे लाल आकडे.
मोजणीवाले नळाच्या वेळेला आले, बायांचे हात गुंतलेले.
यमुनाबाई गांगुर्डे म्हणाल्या,
मेंढरांवर टाकतात तसा रंग टाकून गेले.
पुसावा का, यावर बराच वाद.
ठरलं : पुसायचा नाही.
शेजारी आपलं नाव लिहायचं, त्याहून मोठं.

विषय दोन. पुरावे.
अत्तारचाचांनी बिस्किटाचा डबा उघडला.
सत्त्याऐंशीपासूनची लाइटबिलं, दोऱ्यात ओवलेली.
एकावर हळद सांडलेली,
एकामागं मुलाच्या पहिलीतल्या बेरजा.
कुणीतरी विचारलं, बरोबर आहेत का?
हसणं इतिवृत्तात लिहीत नाहीत. मी लिहिलं.

विषय तीन. बिल्डरचा माणूस एकेकाला गाठतो,
कॉलेज रोडला चहा पाजतो,
म्हणतो, सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुम्हीच तेवढे उरलात.
असं कुणाकुणाला म्हणाला? हात वर करा.
मोजले : छत्तीस.
परत मोजले.
ठराव : एकट्यानं चहा प्यायचा नाही.
सूचक वंदना पगारे. अनुमोदक इतके, की नावं लिहिली नाहीत.

तेव्हा मागून दगू खैरनार उठला.
मी केलीय सही. गुरुवारी.
पोरीचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा,
द्वारकेपलीकडे, रिक्षानं.

टाकी गळत होती, ते तेवढंच ऐकू येत होतं.
बराच वेळ.
यमुनाबाई जरा सरकल्या,
ओट्यावर एका माणसापुरती जागा झाली.
मंगळवारी मी जाईन तिच्यासंगं, म्हणाल्या. शनिवारी कोण?

ऐनवेळचा विषय म्हणून नोंदवलं :
शनिवारसाठी तीन नावं आली.
सहीचं वकिलांना विचारायचं.
कुणी शिवी दिली, तीही ऐकली; लिहिली नाही.

सभा दीडला संपली.
अध्यक्षांचे आभार राहिले. अध्यक्ष कुणी नव्हतंच.

घरी आलो. टी-६३.
शेजारी खडूनं नाव लिहिलं,
खाली चाळ, गल्ली, सातपूर, नाशिक,
खोक्यावर लिहायचो तसा
अख्खा पत्ता, पिनकोडसकट.