कोण उठतला

वेंगुर्ल्यात, कॅम्पाच्या चढावर
इनास आल्मेडाचा काजूचा कारखाना.
सर्व्हर मात्र इथे नाही.
तो मुंबईत कुठल्याशा थंड खोलीत, महिन्याच्या भाड्यावर.
मी त्याला कधी पाहिलेलं नाही,
फक्त काळ्या पडद्यावर त्याचं म्हणणं वाचते.

आज तो म्हणाला:
सेंटओएस सात. चारशे बारा दिवस सलग चालू.
इनासबाब खूश. "बघ, एकदाव बंद पडाक नाय."
बंद न पडणं म्हणजे धडधाकट असणं नव्हे,
हे कसं सांगावं?
त्या आवृत्तीचा आधार संपलाय.
दुरुस्त्या यायच्या थांबल्यात,
आणि बसवणारा तुळशीदास रेडकर आता पर्वरीला नोकरीत.
फोन उचलतो, "बघतो" म्हणतो,
मागून रहदारी ऐकू येते.

नवीन कुठलं घालायचं,
तीन रात्री वाचत होते.
बारा रांगांचा तक्ता केला, गुण दिले.
रॉकी आणि अल्मा, जुन्याचीच भावंडं:
आदेश तेच, खोडी त्याच, हमी लांबची.
("अल्मा? आमच्याच आडनावाचा दिसता," इनासबाब म्हणाले,
आणि तेवढ्यावर मत द्यायला तयार झाले.)
उबुंटू, ज्याचं उत्तर कुणालाही विचारलं तरी मिळतं,
बरोबर असेलच असं नाही.
डेबियन, संथ, जुन्या वळणाचं,
कुणा एका शेठजीचं नसलेलं.
आणि एक, ज्याचं नाव मी काढलंच नाही.
माझ्या लॅपटॉपवर तेच आहे, रोज नवं होतं.
गेल्या बुधवारी त्याने आवाजच घालवला
आणि मी गंमत म्हणून पहाटेपर्यंत शोधत बसले.
आपल्या घरात अशी पडझड परवडते.
दुसऱ्याच्या दिवाळीत नाही.

पलीकडच्या लांब टेबलावर गुणाबाय गर निवडत होती.
दोनशे चाळीस. तीनशे वीस. पाकळी. तुकडा.
न मोजता, न थांबता,
बोटांची टोकं चिकाने कायमची काळी.
"कसं ओळखतेस गं?"
"ओळखूक कित्याक होया? हाताक कळता."
आणि माझ्यासमोरची पाकळी उचलून तिने
दुसऱ्या ढिगात टाकली.

इनासबाबनी तक्ता चष्म्याखालून पाहिला,
वरून खाली, मग पाठीमागे काही आहे का तेही.
"ह्यातला माका कायएक समाजणा नाय.
दिवाळीच्या तोंडार, कोल्हापूरच्या पेटये अडाकले,
रातीचे दोन वाजता ह्यो बंद पडलो,
तर कोण उठतला?"
"मी."
"मगे तुका झोपेत येता ता घाल."

बारा रांगांत ही रांग नव्हती.

डेबियन घातलं.
झोपेत मला तेच येतं.
कॉलेजात जुन्या यंत्रावर दुसरं काही चालत नव्हतं,
म्हणून येतं. त्यात थोरपण काही नाही.

पण परतताना, उभादांड्याच्या वळणावर
स्कूटर बाजूला घ्यावी लागली.
उद्या मीही पर्वरीला गेले तर?
माझंही "बघतो" झालं तर?

म्हणून दुसऱ्या दिवशी कारखान्याची वजनाची वही मागितली,
उरलेल्या पानांवर मराठीत लिहिलं:
किल्ली कुठे, प्रत कुठे ठेवली, कुठल्या रविवारी काय बघायचं,
लाल अक्षरं आली तर आधी घाबरायचं नाही.
गुणाबायची लेक शेवंती, मालवणला तंत्रनिकेतनात,
तिच्याकडून दोनदा करून घेतलं.
पहिल्यांदा तिने सगळं बंद पाडलं.
मी हात खिशात ठेवले.

मग वेबसाइटचा पत्ता नव्याकडे फिरवला,
एक ऑर्डर आली. इचलकरंजी, तीनशे वीस, पाच किलो.
इनासबाब दारात उभे.
"झाला?"
"झालं."
"आणि त्या जुन्याक काय सांगलंस?"

बंद हो, एवढंच टंकलं होतं.
चारशे एकोणीस दिवसांनी त्याने
एक ओळ लिहिली आणि जोडणी सोडली.
काय लिहिलं, ते त्यांनी विचारलं नाही.
आत ड्रम फिरत होता, आणि शेवंती वहीत
माझं एक चुकलेलं अक्षर सुधारत होती.