कलम सातवं

तासगाव रोडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला
चार वेळा गेले फाईल घेऊन.
तीनदा चहा मिळाला, एकदा नुसता पंखा.
शेवटी आरवाडेशेठ म्हणाले,
"पाळणाघर ना? देऊ की. बोर्ड केवढा लावणार?"

मी बोटानं टेबलावर बोर्ड काढून दाखवला.
त्यांनी तो हातानं थोडा वाढवला.

मग कलमं लिहिली. जागा गोडाऊनशेजारची,
दूध कंपनीचं, ताई आमची,
संडासाला आतून कडी,
पोरांच्या हाताला लागेल इतकी खाली.
कुरणे मॅनेजर टाइप करत होते,
"कडी"पाशी थांबून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

सातवं कलम मी आयत्या वेळी घातलं:
दुपारी तीनला बायांना वीस मिनिटं सोडायचं,
पगार न कापता.
शेठ म्हणाले, "दूध तर देतोयच आम्ही."
म्हटलं, "होय. पण ते पातेल्यातलं."

कुणीच बोललं नाही.
बाहेर बेदाणा निवडल्याचा आवाज येत होता,
कुणी वाळू चाळत बसल्यासारखा.

आता तीन वाजले की
जतकडची तायव्वा येते,
गंधकाचा वास जाईपर्यंत हात धुते.
आतून रेवणसिद्ध नळाचा आवाज ओळखतो,
खुळखुळा टाकून रांगत सुटतो दाराकडं.

बोर्ड मोठाच आहे.
दारावर तिरका बसवलाय,
पावसात त्याच्या आडोशाला
बायांच्या चपला कोरड्या राहतात.