खुडूक

पिळगावात आमच्या घरामागे
आठ माड, दोन नीरफणस, एक बिंबल,
आणि गेल्या पावसात कलंडलेली,
तशीच आडवी वाढत गेलेली पपई.
तांबड्या भाजीचे वाफे मी मोजत नाही.
ते कोंबड्या मोजतात.
कुंपणाला रेमेदच्या भावाने दिलेलं जुनं जाळं बांधलंय,
त्याला अजून सुंगटांचा वास येतो,
म्हणून रात्री मांजरं तिथे आशेने बसलेली.

खाण बंद झाली त्या वर्षी
ह्यांचं पिवळं हेल्मेट मी खुंटीवरून काढलं,
आत पेंढा घातला, खुराड्यात ठेवलं.
हे काही बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी मोरपिशी त्यात अंडं घालून मोकळी झाली.
मग बाकीच्याही तिथेच रांग लावू लागल्या,
शेजारी तीन टोपल्या रिकाम्या असताना.

नाताळात रेमेदला बेबिंकसाठी चाळीस अंडी लागतात,
चाळीस म्हणजे चाळीस, आणि पिवळा बलकच.
पांढरं ती स्टीलच्या डब्यातून परत पाठवते.
चार दिवस आम्ही पांढरी पोळी खातो.
हे म्हणतात, ना चव ना रंग,
सरकारी उत्तरासारखं.

माघात मोरपिशी खुडूक झाली.
अंगावर पाणी शिंपडलं, पायाला दोरी बांधली,
ऐकेना.
शेवटी अकरा अंडी मांडली तिच्याखाली, हेल्मेटातच.

बाराव्या रात्री काहीच आवाज झाला नाही.
तेच चुकलं.
पहाटे कोंबडा आरवला नाही म्हणून टॉर्च घेऊन गेले,
तर खुराड्यात अजगर,
मधोमध फुगलेला,
आला त्या फटीतून आता बाहेर मावत नव्हता.
जबड्याच्या कडेला एक निळसर पीस.

वनखात्याचा कृपेश आला, पायात साधी चप्पल.
गोणीत भरला त्याला, नारळ भरावेत तसा.
मग कागद काढला.
जात: अजगर. लांबी: नऊ फूट. प्रकृती: उत्तम.
कोंबडीसाठी रकाना नव्हता.
"रानांत सोडटां," म्हणाला.
मोरपिशीसकट.

अंडी अजून कोमट होती.
दुसरी कुठलीच बसायला तयार नाही.
मी म्हटलं, जाऊ दे,
फोडून मिरचीच्या मुळाशी घालू.
हे उठले.
हेल्मेट ओसरीवर आणलं,
वर चाळीसचा बल्ब टांगला,
बाजूला वाटीभर पाणी,
आणि कानामागची पेन्सिल काढून
(ट्रकांच्या खेपा मोजायची ती सवय)
प्रत्येक अंड्यावर एकीकडे फुल्ली, एकीकडे गोल.
सकाळी फुल्ली वर.
दुपारी गोल.
रात्री दोनला पुन्हा फुल्ली.
तिसऱ्या पाळीला उठायचे तसे उठतात,
चहा नाही, बोलणं नाही.
खाण बंद झाल्यापासून
ह्यांना इतकं वेळेवर मी पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी वीज गेली.
रेमेदने कुंपणावरून पाहिलं:
मांडीवर हेल्मेट, त्यावर माझी जुनी शाल,
आणि शालीवर हे, वाकून.
"घोव तुजो खुडूक जाला गो शेवंते!"
पोट धरून हसली,
मग स्वतःच गरम पाण्याची पिशवी घेऊन आली.

आज एकविसावा.
एका अंड्यावर, फुल्लीच्या शेजारी, बारीक चीर आहे,
की पेन्सिलच तेव्हा जोरात टेकली होती?
मी विचारते,
हे ओठांवर बोट ठेवतात.

तेवढ्यात मागे बाकीच्यांनी
जाळ्याखालून वाट काढून
तांबड्या भाजीचा नवा वाफा पार उकरलाय.
मी लगेच उठले नाही.
मग उठले, चप्पल फेकली, शिव्या घातल्या,
पण हळू आवाजात.