यादी जुळवताना

तळघरात पूर्वी धुलाईघर होतं.
ओलोमोउत्सच्या या इस्पितळात भिंतींना अजून
साबणाचा वास येतो, सर्व्हरच्या गरम फुंकरीत जरा जास्तच.
रात्रीचे दोन. मी पाहुण्याची यादी
यजमानाच्या यादीशेजारी ठेवून वाचते,
बोट पडद्यावर, वाण्याचं बिल तपासावं तसं.

एईएस आहे. एव्हीएक्स आहे.
एव्हीएक्स-टू पाहुण्याला हवं;
जुन्या यजमानाच्या घरात ते कधी नव्हतंच.

हा बोहुस्लावचा घाईचा कारभार.
नवं यंत्र आलं त्या दिवशी
त्यानं एक्स-रेच्या पाहुण्याला सांगून टाकलं,
घरात आहे ते सगळं तुझं.
आता नव्याचा पंखा खरखरतोय, उजाडेपर्यंत टिकणं कठीण,
आणि पाहुण्याला चालता-बोलता जुन्याकडे न्यायचं
तर तपासणी म्हणते, नाही.
दामटून नेला, तर जाईलही.
दोन तास, चार तास नीट वागेल,
मग सवयीनं एक शब्द उच्चारेल
जो त्या घरात कुणालाच कळत नाही,
आणि तिथंच, वाक्याच्या मध्यात, आडवा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
याला अंथरूण दिसतच नाही.
मी सांगेन तेवढंच अंथरूण.

म्हणून सात मिनिटं बंद. वर फोन केला.
यादीतून एकेक नाव खोडलं,
दोन्ही घरांत आहे तेवढंच ठेवलं.

मिरोस्लावा चादरींची गाडी ढकलत आली,
दाराशी थांबली. खार्किव्हमध्ये अकरा वर्षं
तिनं माणसांना भूल दिली, आणि परत जागं केलं.
तिचे कागद प्रागमध्ये आहेत, कुठल्याशा टेबलावर.
परवा वॉर्डात एकाचा श्वास अडकला
तेव्हा डॉक्टर येईस्तोवर
तिचे हात गाडीच्या दांड्यावरच होते.
सेकंद मोजत होते, म्हणाली.

"पंखा बदलून तो नव्या घरी परतला
की सगळं परत मिळतं?"
नाही, म्हटलं. कुणीतरी पुन्हा बंद करून
पुन्हा सांगेपर्यंत नाही.
"त्याला कळतं, काय झाकलंय ते?"
नाही.
"मग बरंय त्याचं,"
आणि गाडीचं एक चाक नेहमी अडतं,
ते तिनं लाथेनं सरळ केलं.

सहाव्या मिनिटाला पाहुणा उठला.
पहिलं चित्र मनगटाचं, कुण्या लहान मुलाचं.
जरा सावकाश उमटलं.